शेताला कुंपण नव्हतं तेव्हा

बुलढाण्याहून मराठवाड्याकडे निघालं की वऱ्हाडातल्या शेवटच्या मोठ्या गावांपैकी एक म्हणजे धाड. पुढे थोड्याच अंतरावर भोकरदन तालुका, म्हणजे जालना जिल्हा लागतो. ही हद्द आज रस्त्यावरच्या पाटीवरूनच कळते. पण १८५३ पासून १९४८ पर्यंत ती दोन राजवटींची सीमा होती. अलीकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई आणि तिच्या करोडगिरीचे नाके. या सीमेवर कोण राज्य करत होतं, तह कधी झाले, पट्टा किती वर्षांचा, हे सगळं पुस्तकांत सापडतं. पण इथल्या कुणब्यानं आपलं उभं पीक ढोरांपासून कसं राखलं, आपलं शेत दुसऱ्याच्या शेतापासून कशानं वेगळं केलं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. एक साधं कारण असं की काट्याचं कुंपण मागे काही ठेवत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत ते कुजतं, उरलेलं उधळी खाते. गढीचा बुरूज दोनशे वर्षांनी का होईना ढिगाऱ्याच्या रूपात उभा असतो. बोराटीची फांदी उरत नाही.

गढीपासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण वऱ्हाडात आधी कुंपण पडलं ते गावाला, शेताला नव्हे. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रज आणि मराठ्यांमधली असईची लढाई झाली, ती धाडपासून जवळच, दिवसाभराच्या चालीवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात अडगाव आणि डिसेंबरात गाविलगड. फौजा गेल्या आणि पाठोपाठ दुष्काळ आला. पुढची कित्येक वर्षं पेंढारी होते, मक्तेदार होते, गावं सोडून गेलेली कुटुंबं होती. अशा दिवसांत राखायची गोष्ट म्हणजे माणूस, बैल आणि पेवातलं धान्य. संध्याकाळी ढोरं गावात, माणसं गावात, पांढऱ्या मातीची भिंत चहूबाजूंनी, वेशीचं दार बंद. बाहेरची काळी जमीन उघडीच. जमीन भरपूर आणि ती कसणारे हात थोडे असले की हातभर जागेसाठी कुणी भांडत नाही. पडीक जमिनीला कुंपण घालण्याइतका फुकट वेळ त्या काळच्या शेतकऱ्याकडे नव्हता.

१८५३ च्या मे महिन्यातल्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला आणि चित्र पालटू लागलं. मोगलाईतून कुणबी-माळी कुटुंबं सीमा ओलांडून वऱ्हाडात येऊ लागली. सारा ठरलेला, पट्टा आपल्या नावावर, मक्तेदार नाही, हे त्यांना ओढून आणणारं कारण. १८६१ मध्ये मुंबई इलाख्याची मोजणीची पद्धत वऱ्हाडात आणली गेली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून ती बसवायला सुरुवात केली होती. तिचं मुख्य हत्यार म्हणजे तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचा हिशोब आपण अजून तोंडपाठ करतो, तो त्या साखळीचाच आहे.

साखळीवाले गावात आले तेव्हा त्यांनी कुंपण घातलं नाही. त्यांनी शेताच्या कोपऱ्यांवर दगड पुरले, नंबर दिले, नकाशा काढला. दोन नंबरांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी सोडली. तिलाच इकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावर कुसळ आणि पवना वाढायचा, मध्येच एखादी बोर, एखादा हिवर, लिंब. दगड शाबूत आहेत की नाही हे पाहण्याचं काम पाटील-पटवाऱ्याचं. म्हणजे सरकारनं जमिनीला रेघ दिली, पण ती रेघ ढोराला दिसत नाही. धुऱ्यावर चरणारी म्हैस एका पावलात शेजारच्या ज्वारीत असते.

गावाच्या शिवेचं ज्ञान मात्र साखळीच्या आधीपासून माणसांजवळ होतं, आणि त्यात सर्वांत पक्कं ज्ञान महाराचं मानलं जाई. मराठेशाहीतल्या शिवेच्या तंट्यांत त्याची साक्ष घेत, त्याला शिवेवरून चालवत. तो जिथून चालला ती शीव. स्वतःच्या नावावर बहुधा जमीन नसलेल्या माणसाच्या शब्दावर दोन गावांची हद्द ठरत असे. कोपऱ्यात दगड पुरला गेला आणि सरकारदप्तरी त्या शब्दाची किंमत उतरली. इतिहास लिहिताना ही गोष्ट सहज सुटून जाते, म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असाच खेळ मोठ्या पटावर चालू होता. १८६२ मध्ये अमेरिकेनं होमस्टेड कायदा केला. पाच वर्षं राहून जमीन कसा, एकशे साठ एकर तुमचे. कॅन्सस, नेब्रास्काच्या गवताळ माळावर माणसं लोटली. त्या कायद्याला आडवे येणारे दक्षिणेकडचे प्रतिनिधी यादवी युद्धामुळे संसदेतून निघून गेले होते, म्हणून तो पास होऊ शकला. आणि त्याच युद्धानं दक्षिणेचा कापूस अडवला, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. धाडचा कुणबी आणि नेब्रास्काचा नवा शेतकरी यांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. दोघांच्या शेताचं नशीब मात्र एकाच युद्धानं फिरवलं.

पण कुंपणाच्या बाबतीत दोघांची वाट वेगळी झाली, आणि ती कायद्यामुळे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत जुना नियम असा होता की जनावरं मोकळी फिरणार. ज्याला पीक वाचवायचं त्यानं कुंपण घालावं. कुंपण नसेल तर नुकसानीची तक्रार ऐकली जात नसे. पूर्वेकडच्या जंगलात ओंडके भरपूर होते, तिथं ठीक होतं. माळावर झाडच नाही. मग लोकांनी मातीचे बांध घालून पाहिले, ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाची दाट रांग लावून पाहिली. ती वाढायला चार वर्षं, छाटायला जन्म. १८७४ च्या नोव्हेंबरात इलिनॉयमधल्या डीकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं. दोन तारांना पीळ देऊन मध्ये काटा अडकवायचा, एवढीच युक्ती. त्या वर्षी तिथं अशी तार सुमारे दहा हजार पौंड निघाली. १८८० मध्ये आठ कोटी पौंडांवर.

इकडे १८७१ मध्ये गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला आणि त्यानं ओझं उलट्या बाजूला टाकलं. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं धरावं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं. सोडवायला मालकानं दंड भरावा. त्या कायद्यातलं दंडाचं कोष्टक वाचण्यासारखं आहे. हत्तीला दोन रुपये. उंटाला आणि म्हशीला आठ आणे. घोडा, बैल, गाय यांना चार आणे. वासरू, गाढव, डुक्कर दोन आणे. शेळी-मेंढी एक आणा. शेतकऱ्यानं कुंपण घातलं होतं का, असा प्रश्न त्यात कुठेच नाही. शेत उघडं ठेवणं हा शेतकऱ्याचा हक्क आणि जनावर आवरणं हे मालकाचं काम. कागदावर हे इंग्रजी कायद्याचं कलम असलं तरी गावाची रीत आधीपासून तीच होती. सकाळी आखरावर ढोरं जमायची, गायकी ती शिवारात न्यायचा, पीक चुकवत माळावर चारायचा आणि दिवेलागणीला परत आणायचा. वर्षाकाठी घरटी ज्वारी ही त्याची मजुरी. कुंपणाचं काम हा माणूसच करत होता.

मग काटे कुठे लागत? बागायताला. विहिरीजवळचा ऊस, केळी, मिरची, माळव्याचे वाफे, गावाला लागून असलेलं शेत, गाडीवाटेच्या कडेचं शेत, आणि खळं. हे काम जवळून पाहिलं तरच त्यातले कष्ट कळतात. बाभळीची, हिवराची, बोराटीची फांदी कुऱ्हाडीनं तोडायची. बोराटी दिसायला बारीक, पण तिचा एक काटा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वळलेला. कपड्यात शिरला की फाडल्याशिवाय निघत नाही. हात लावायची सोय नाही, म्हणून टोकाला दोन शिंगं असलेली लांब काठी घ्यायची, बेळकं. बेळक्यानं फांदी उचलायची, बैलगाडीवर रचायची, वरून दाबायची. शेतावर आल्यावर बुंधा आतल्या बाजूला आणि शेंडा बाहेर अशी एकावर एक लावत जायचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या ढोराच्या तोंडाला आधी शेंड्याचे काटे लागतात. ठरावीक अंतरावर खुंट ठोकायचे, नाहीतर पहिल्या वावटळीत अर्धं कुंपण शेजाऱ्याच्या तुरीत. माणसाला यायला-जायला एक दुबेळक्याचा खांब पुरायचा. दोन फांद्यांच्या खाचेतून माणूस अंग चोरून जातो, गाय जात नाही. आणि एवढं करून फाल्गुन आला की गावची पोरं होळीसाठी रात्री तेच काटे ओढून नेणार. त्यावर रागावायचं, पण फार नाही, अशी रीत.

याच मेहनतीचं राक्षसी रूप त्या काळी बऱ्हाणपूरपर्यंत येऊन पोचलं होतं. मिठावरचा कर चुकू नये म्हणून कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सरकारनं पंजाबातल्या लैय्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत काट्यांची अखंड ओळ उभी करायला घेतली. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. चांगल्या जागी ती दहा ते चौदा फूट उंच होती. काही काळ तिची सूत्रं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्या हाती होती; पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. १८६९ च्या सुमारास या सगळ्या जकात रेषेवर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला होती. जिथं झाड जगत नाही तिथं वाळलेले काटे रचायचे, तर मैलामागे सुमारे अडीचशे टन काटे लागत. वाळवी, उंदीर, वणवे, वावटळ हे शत्रू तेच, जे आपल्या शेतकऱ्याचे. १ एप्रिल १८७९ ला ती रेषा बंद झाली आणि लवकरच ती कुंपणवाट लोकांच्या आठवणीतूनही गेली. सरकारच्या हाताखाली हजारो माणसं असूनही काटा टिकवता येत नव्हता. एकट्या कुटुंबानं दहा-वीस एकर कोरडवाहू जमिनीला काटा लावावा, ही अपेक्षाच अवास्तव होती.

हिशोब करून पाहा. दहा एकराच्या चौकोनी शेताची बाजू सहाशे साठ फूट, म्हणजे वीस साखळ्या. घेर बरोबर अर्धा मैल. एकरी दोनशे चौसष्ट फूट कुंपण. अमेरिकेतल्या एकशे साठ एकरांना घेर दोन मैल, एकरी फक्त सहासष्ट फूट. शेत लहान होत जातं तसं एकरी कुंपण वाढत जातं. दहा एकराच्या चार भावांत वाटण्या झाल्या की अडीच एकराला एकरी पाचशे अठ्ठावीस फूट. काटेरी तारेनं अमेरिकेचा माळ थोड्याच वर्षांत बांधून काढला आणि वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतावर ती शतकभर आली नाही, याचं कारण आपल्या माणसांचं मागासलेपण असं कुणी सांगू लागलं तर त्याच्यापुढे हा हिशोब ठेवावा.

शेतकऱ्यानं काटा विकत आणण्याऐवजी पेरला. हरभऱ्याच्या, गव्हाच्या कडेनं करडईची तासं. करडई पक्व होताना पानाच्या टोकाला सुईसारखे काटे धरते. ढोर तोंड घालतं आणि मागे सरतं. वर तेलासाठी बी मिळतं. कुठे अंबाडी, तिच्या देठाला बारीक काटे आणि सालीचा दोर. कुठे एरंड. जमिनीचा एक इंच वाया न घालवता कडेच्या पिकानं आतलं पीक राखायचं, ही युक्ती मला ग्लिडनच्या तारेपेक्षा कमी अकलेची वाटत नाही.

निवडुंग ही मात्र फसलेली युक्ती. फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतला. अठराव्या शतकाच्या शेवटी कंपनीनं मद्रासकडे तो वाढवला, त्यावर पोसणाऱ्या कोशिनील किड्यापासून लाल रंग मिळावा म्हणून. रंगाचा धंदा बसला, निवडुंग दख्खनभर पसरला. एक फड टाकला की आपोआप रुजतो, पाणी मागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. कुंपण म्हणून याहून चांगलं काय? पण तो थांबेना. धुरे, माळ, गावकूस गिळत चालला, सापांना आणि रानडुकरांना घर झाला. दुष्काळात काटे जाळून त्याचे फड गुरांना घालायची वेळही दख्खनवर आली. शेवटी १९२६ नंतर दुसऱ्या जातीचा कोशिनील किडा दक्षिणेत सोडला गेला आणि निवडुंगाची रानं वाळून आडवी झाली.

शेत उघडं ठेवण्यामागे आणखी एक मोठं कारण होतं, ते म्हणजे धनगर. सुगी झाली की कळप येणार. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंडी आणि मूत यांचं खत जागेवर मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना बोलवायचा, ज्वारी द्यायचा. धनगराजवळ आपलं कुंपण असायचं, वाघूर. दोरीची जाळी, खुंटांवर ताणलेली. रात्री कळपाभोवती लावायची, सकाळी गुंडाळून घोड्यावर टाकायची. आज या शेतात, उद्या पुढच्या. सगळा शिवार तारेनं बांधलेला असता तर मेंढ्या चालल्या कुठून असत्या? उघडं शेत हा शेतकरी, गायकी आणि धनगर या तिघांमधला करार होता, आणि तो लिहिलेला नव्हता.

करार मोडायला कापसापासून सुरुवात झाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावचा फाटा झाला, आणि माळरान नांगराखाली येत गेलं. जंगलं राखीव झाली. गावाच्या चराईला उरली ती ई-क्लास जमीन, आणि तिच्यावरही पुढे अतिक्रमणं. चरायला जागा नाही म्हटल्यावर गायकी पीक कसं चुकवणार? काठेवाडी गवळी शेकडो गायी घेऊन येऊ लागले. त्यांचं आणि गावाचं पिढीजात नातं नव्हतं, त्यामुळे भांडण थेट लाठ्यांवर. जमिनीची किंमत वाढली तसा धुराही आकसला. दरवर्षी नांगराचं एक तास पलीकडे सरकवायचं, त्याला धुरा कोरणं म्हणतात. पाच वर्षांत बोर गेली, दहा वर्षांत दगड उखडला. सख्ख्या भावांची बोलणी बंद पडली ती हातभर रुंदीच्या गवतावरून, आणि ते गवत आता उरलेलंही नाही. ज्या धुऱ्यावरून बैलगाडी शेतात जायची, तो कोरल्यावर पाणंद कुठली, याचे दावे तहसिलीत पडून आहेत.

१९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात आले आणि धाडजवळची जुनी सीमा जिल्ह्याची हद्द होऊन राहिली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, गायकी शहरात गेला. गावचा कोंडवाडा बहुतेक ठिकाणी पडून गेला. पिकाचा खरा शत्रू आता वेगळा आहे. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर. २०१९ मध्ये टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून, शिवारांतून वाट काढत इथल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला. पुढे त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरवर मोजली गेली. ज्या जमिनीतून वाघ असा चालू शकतो, तिथून रोह्यांचा कळप मक्यात येणार हे उघड आहे.

१८७१ चा कायदा इथं काहीच कामाचा नाही, कारण तो उभा आहे जनावराच्या मालकावर. रोही धरून कोंडवाड्यात नेता येत नाही आणि त्याचा दंड भरायला कुणी येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रोह्यांना आणि रानडुकरांना संरक्षण दिलं. नुकसानभरपाईसाठी अर्ज, पंचनामा, वाट पाहणं. म्हणून शेतकरी आज ते करतोय जे त्याच्या पणजोबानं कधी केलं नाही: अख्ख्या कोरडवाहू शेताला कुंपण. कुठे जुन्या साड्या काठ्यांना बांधलेल्या, कुठे जाळी, कुठे सौर बॅटरीवर चालणारं झटका मशीन. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, त्यानं जीव जात नाही. पण ते घ्यायची ऐपत नसलेला कुणीतरी विजेच्या खांबावरून सरळ आकडा टाकून तारेत करंट सोडतो आणि पहाटे शेजारचाच माणूस त्याला चिकटतो. अशा बातम्या दरवर्षी येतात.

आणि एकट्याच्या कुंपणानं प्रश्न सुटत नाही. माझ्या शेताला तार लागली की कळप माझ्या शेजाऱ्याकडे वळतो. ज्याला परवडत नाही त्याच्याच वाट्याला सगळं नुकसान. अडीच एकराला एकरी पाचशे अठ्ठावीस फुटांचा हिशोब आजही तितकाच खरा आहे. त्यापेक्षा वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी मिळून शिवाराच्या जंगलाकडच्या बाजूला एकच सौर कुंपण घातलं तर खर्च वाटला जातो, आतले धुरे मोकळे राहतात, पाणंद बंद होत नाही आणि धनगराला मेंढ्या बसवायला वाटही उरते. सरकारनं अनुदान द्यायचं तर ते सातबाऱ्यागणिक तुकड्यातुकड्यानं देण्याऐवजी असं गटाला, शिवाराच्या नकाशावर रेघ ओढून द्यायला हवं. तो नकाशा तयारच आहे. १८६१ नंतर साखळीवाल्यांनी काढलेल्या नंबरांवरच आजचे गट उभे आहेत.